नावं पडायला लागली की… शॉर्टफिल्मच्या टायटल्सचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत

लहानपणी बाबांबरोबर अलका टॉकीजला पिक्चरला जायचो तेव्हा लकडी पुलावरच्या गर्दीमुळे हमखास उशीर व्हायचा. आत शिरताना बाबा अंधारातच कुणालातरी विचारायचे, "सुरू झाला का हो?" आणि तिकडून उत्तर यायचं, "नाही नाही, नावं पडतायत अजून." म्हणजे सुरू झालेला नाही. मग टॉर्चवाल्याच्या मागे, लोकांच्या पायांवर पाय देत, सॉरी सॉरी म्हणत जागेवर पोचेपर्यंत छायालेखन, संकलन, संगीत सगळं पडून जायचं आणि बूड टेकलं की दिग्दर्शकाचं नाव यायचं. कितीतरी वर्षं मला टायटल्स म्हणजे बसायला दिलेला वेळ वाटायचा.

आता गेली काही वर्षं मित्रांच्या शॉर्टफिल्म एडिट करतो, त्यामुळे टायटल्सही माझ्याच गळ्यात पडतात, आणि प्रत्येक वेळी तीच गंमत. स्क्रिप्टला चार महिने, शूटला आठ दिवस, एडिटला तीन महिने आणि टायटल्सला सबमिशनच्या आदल्या रात्री अकरा ते दोन. एकदा असंच रात्री दोनला टाइप केलं आणि आमच्या साऊंडवाल्याच्या आडनावातला ऱ्ह तुटला. छोटंसं स्क्रीनिंग होतं, साताऱ्याकडून त्याची आई मुद्दाम एसटीने आलेली, मुलाचं नाव पडद्यावर बघायला. पिक्चर संपल्यावर त्या माऊलीने त्याला विचारलं, "तुझं नाव कुठं आलं रे?" आलं होतं, पण ते त्यांचं आडनावच राहिलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझी. त्या दिवसापासून ही सगळी पद्धत लावून घेतली, तीच इथे लिहितोय. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

आधी हे कळू दे की टायटल्स असतात कशाला

पुस्तकात वाचाल तर वातावरणनिर्मिती वगैरे पहिल्या नंबरवर असते. माझ्या मते ती दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर हिशोबाचा. आपल्याकडच्या शॉर्टफिल्ममध्ये दिग्दर्शक म्हणतो, "पैसे नाहीयेत रे, पण नाव देतो." माणूस सहा दिवस बूम, म्हणजे माइकचा लांब दांडा, धरून उन्हात उभा राहतो, वडापाव खातो, आणि बदल्यात त्याला ते नाव मिळतं. मग टायटल कार्ड हेच त्याचं पगाराचं पाकीट झालं ना? त्यात चूक म्हणजे पाकिटातले पैसे कमी निघाले. बास, इतकं डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आणि नावाची ही किंमत आजची नाही. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या कंपन्या नटांची नावं पडद्यावर देतच नव्हत्या, नाव झालं की माणूस पैसे वाढवून मागणार म्हणून. फ्लोरेन्स लॉरेन्स ही तेव्हाची एवढी लोकप्रिय नटी, पण प्रेक्षक तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणूनच ओळखायचे, बायोग्राफ हे कंपनीचं नाव. मग ती दुसऱ्या कंपनीत गेली आणि १९१० मध्ये तिथे त्यांनी तिचं नावच जाहिरातीला वापरलं. आपल्याकडे १९४९ च्या 'महल'मधलं 'आएगा आनेवाला' घ्या, रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गायल्या होत्या लता मंगेशकर.

आता वातावरणाचं. हे काम कुणी गंभीरपणे सुरू केलं म्हणाल तर सॉल बास या ग्राफिक डिझायनरचं नाव घ्यावंच लागतं. त्याआधी अमेरिकेत बऱ्याच थिएटरात टायटल्स चालू असताना पडदा बंदच असायचा, नावं कापडावर पडायची, कारण ती कोण बघतंय. बासने टायटल्स केलेल्या १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्शनवाल्यांसाठी सूचना होती की टायटल्सच्या आधी पडदा उघडा. पांढऱ्या पट्ट्या काळ्यावर सरकतात आणि शेवटी त्यांचा वाकडातिकडा हात होतो, बाकी काही नाही. पण व्यसनाच्या गोष्टीला जी अस्वस्थता पाहिजे ती पहिल्या दीड मिनिटात बसते.

जवळचं उदाहरण पाहिजे तर 'शोले', १९७५. स्टेशनवर एक पोलीस अधिकारी उतरतो, त्याला घ्यायला माणूस आलेला असतो, दोघं घोड्यावरून निघतात आणि आर. डी. बर्मनच्या म्युझिकवर नावं पडत राहतात. आपण नावं वाचतोय असं आपल्याला वाटतं, पण तेवढ्यात दगड, माळ, खडक, मग वस्ती असं सगळं डोळ्यांखालून गेलेलं असतं. ठाकूरच्या घरी पोचेपर्यंत हे गाव किती आडबाजूला आहे ते न सांगता कळलेलं असतं, त्यामुळे पुढे डाकू येतात तेव्हा पोलीस का नाही आले असा प्रश्न पडत नाही. टायटल्सनी असं गोष्टीचं एखादं काम अंगावर घेतलं तर त्यांना मिनिटं द्यावीत, नाहीतर वीस सेकंदांत उरका.

पहिलं काम: नावांचा तक्ता, शूटच्या पहिल्या दिवशी

एडिटच्या शेवटी नाही, पहिल्या दिवशी. एक गुगल शीट करा. रकाने एवढेच: नाव देवनागरीत, नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये, काम काय केलं, आणि 'बघितलं, बरोबर आहे' असं त्या माणसाचं उत्तर. नाव ज्याचं त्यानेच टाइप करायचं, तुम्ही नाही. 'दीपक' का 'दिपक', 'अनिरुद्ध' का 'अनिरूद्ध', वडिलांचं नाव मधे पाहिजे का आईचं, लग्नाआधीचं आडनाव का नंतरचं, हे तुम्ही ठरवायचं नाही. शुद्धलेखनाच्या नियमात काय बसतं ते नावाच्या बाबतीत विसरा, तो माणूस आधार कार्डावर दिपक असेल आणि त्याला तेच हवं असेल तर दिपक.

आणि लोकेशनवाल्यांना विसरू नका. ज्यांनी वाड्याची चावी दिली त्या काकू, ज्यांनी रिक्षा दिली ते काका, ज्याने जनरेटर आणला तो पोरगा. या लोकांची नावं शूट संपल्यावर तीन महिन्यांनी कुणालाच आठवत नाहीत, मग 'आणि इतर सर्व' येतं. 'आणि इतर सर्व' हा मला अपमान वाटतो, सरळ बोलायचं तर.

एक प्रश्न मात्र सगळ्यांना वेगळा विचारा: नाव हवंय का? कुणी सरकारी नोकरीत असतं, कुणाच्या घरी सांगितलेलं नसतं, कुणाला फायनल कट आवडलेला नसतो. टोपणनाव चालतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. लता मंगेशकरांनी 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' यांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावाने. हॉलिवूडमध्ये तर दिग्दर्शकांच्या संघटनेने नाव काढून घेणाऱ्यांसाठी कितीतरी वर्षं 'अॅलन स्मिथी' असं एक ठरीव खोटं नावच ठेवलं होतं.

दुसरं काम: क्रम, म्हणजेच भांडण

कामांची मराठी नावं आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, एका कार्डावर 'छायालेखन' आणि पुढच्यावर 'सिनेमॅटोग्राफर' असं नको. निर्मिती, कथा, पटकथा, संवाद, छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण, कला दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, पार्श्वसंगीत, स्थिरचित्रण हे शब्द रुळलेले आहेत, वापरा बिनधास्त. कलरिस्ट, व्हीएफएक्स, फोकस पुलर यांना मराठी शब्द ओढूनताणून आणू नका, देवनागरीत 'कलरिस्ट' लिहिलं की काम झालं.

सुरुवातीच्या टायटल्सचा रुळलेला क्रम साधारण असा: निर्मितीसंस्था, 'प्रस्तुत' करणारे, मग सिनेमाचं नाव किंवा आधी मुख्य कलाकार, मग तांत्रिक विभागांचे प्रमुख, त्यात शेवटाकडे संकलन, कला, छायालेखन, मग निर्माता, लेखक आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. दिग्दर्शकाचं कार्ड शेवटी म्हणजे गोष्टीला चिकटून, तो मान समजला जातो. अमेरिकेत तर हा दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियम आहे. 'स्टार वॉर्स'च्या दुसऱ्या भागात, १९८० मध्ये, सुरुवातीला दिग्दर्शकाचं नाव नव्हतं म्हणून संघटनेने दंड केला आणि 'स्टार वॉर्स'चा कर्ता जॉर्ज लुकास चिडून संघटनेतूनच बाहेर पडला.

कलाकारांमध्ये पहिलं कोण यावर मैत्री तुटलेली बघितलीय मी, तीसुद्धा बारा मिनिटांच्या फिल्मवरून. दोन सारखे मोठे असतील तर जुनी युक्ती आहे: 'द टॉवरिंग इन्फर्नो' (१९७४) मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि पॉल न्यूमन दोघांनाही पहिलं नाव हवं होतं, म्हणून एकाचं नाव डावीकडे पण खाली आणि दुसऱ्याचं उजवीकडे पण वर. डावीकडून वाचणाऱ्याला एक पहिला, वरून वाचणाऱ्याला दुसरा! आपल्याकडे हिंदीत शेवटच्या जागेचा मान प्राणसाहेबांनी मिळवून दिला, सगळे कलाकार संपले की 'अँड प्राण'. त्यामुळे ज्येष्ठ कलाकार दोन सीनसाठी आले असतील तर त्यांना यादीत मधे कोंबू नका, शेवटी 'आणि' लावून स्वतंत्र कार्ड द्या, ते खूश, तुम्ही मोकळे. बाकी सगळे सारख्याच वजनाचे असतील तर नाटकवाल्यांचा नियम घ्या, प्रवेशाच्या क्रमाने. त्यावर कुणी भांडू शकत नाही, भांडायचं तर लेखकाशी भांडा.

तिसरं काम: नावं कुठे पडणार

चार जागा आहेत. काळ्यावर पांढरी कार्डं. चालू सीनवर. वेगळा बनवलेला तुकडा. किंवा आधी एक सीन, मग धाडकन सिनेमाचं नाव, आणि बाकी सगळे शेवटी. दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्मला माझा कल कायम चौथ्याकडे, कारण फेस्टिव्हलला निवड करणारा माणूस दिवसभर फिल्म बघतोय आणि त्याला पहिलं मिनिट तुमच्या काकांच्या 'प्रस्तुत'मध्ये घालवायला लावणं बरोबर नाही. शिवाय वेळ मोजतात त्यात टायटल्सही धरतात. ऑस्करच्या नियमात शॉर्टफिल्म म्हणजे सगळी श्रेयनामावली धरून जास्तीत जास्त ४० मिनिटं.

चालू सीनवर टाकणार असाल तर एक बघा. त्या सीनमध्ये प्रेक्षकाने काही शोधायचंय, ऐकायचंय का? असेल तर तिथे अक्षर टाकू नका, माणूस एका वेळी एकच वाचतो, चेहरा किंवा नाव. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) ची सुरुवात एका सलग लांबलचक शॉटची आहे, गाडीत बॉम्ब ठेवलाय आणि गाडी गर्दीतून चाललीय. स्टुडिओने त्याच्यावर नावं आणि म्युझिक टाकलं. १९९८ मध्ये वेल्सच्या जुन्या टिपणावरून सिनेमा पुन्हा एडिट केला तेव्हा ती नावं काढली, आणि तो शॉट किती वेगळा वाटतो ते दोन्ही शेजारी लावून बघाच.

वेगळा तुकडा बनवायचा असेल तर त्याला काम द्या. 'सेव्हन' (१९९५) मध्ये काइल कूपरने केलेल्या टायटल्समध्ये खुनी आपल्या वह्या शिवतोय, कापतोय, चिकटवतोय, आणि तो माणूस प्रत्यक्ष आपल्यासमोर येतो पार शेवटाकडे. म्हणजे त्याची ओळख टायटल्सनी करून दिली, फक्त चेहरा राखून ठेवला. उलट फ्रेंच दिग्दर्शक ट्रुफोचा 'फॅरनहाइट ४५१' (१९६६) वाचनावर बंदी असलेल्या जगाचा, तर तिथे पडद्यावर नावंच नाहीत, आवाज नावं वाचून दाखवतो आणि टीव्हीच्या अँटेना दिसत राहतात. खर्च किती? जवळजवळ शून्य. डोकं मात्र लागलं.

पुण्यात बसून स्वस्तात काय करता येईल? भरपूर. सत्यजित राय जाहिरात कंपनीत ग्राफिक्सचं काम करत सिनेमात आले आणि आपल्या टायटल्सची अक्षरं स्वतः काढायचे, तर हाताने अक्षर काढण्यात लाज कसली. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून चार ताव आणा, बोरूने लिहा, खिडकीच्या तिरप्या उजेडात शूट करा, कागदाचा पोत आपोआप येतो. शाळेची गोष्ट असेल तर फळ्यावर खडू. एसटीची असेल तर डेपोच्या फलकासारखी अक्षरं. एकदा आम्ही बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकाकांकडून सगळी नावं पत्र्यावर रंगवून घेतली आणि ओला रंग असतानाच शूट केलं, आजही ती माझी सगळ्यात आवडती टायटल्स आहेत, आणि त्यात पेंटरकाकांचं नाव शेवटच्या पत्र्यावर त्यांनीच रंगवलंय. एवढंच बघा की ती वस्तू गोष्टीतून आलेली असू दे. बाप-मुलाच्या गोष्टीला उगाच शाईचे ढग पाण्यात सोडले तर ते यूट्यूबवरचं टेम्प्लेट दिसतं.

पुणेरी पाट्यांची सगळे टिंगल करतात पण शब्द किती ठेवायचे हे त्यांच्याकडूनच शिकावं. 'या सुंदर कलाकृतीचे सर्वेसर्वा व सूत्रधार' असलं काही नको. 'दिग्दर्शन' आणि खाली नाव. संपलं.

चौथं काम: वेळेचं गणित, आणि ते एडिट चालू असतानाच

रफ कटमध्येच, म्हणजे पहिल्या कच्च्या एडिटमध्येच, साध्या फॉन्टात सगळी कार्डं टाकून ठेवा. नंतर टाकू म्हटलं की म्युझिकवाला तेवढी जागा सोडत नाही आणि मग पाच नावं एका कार्डावर कोंबली जातात.

मी असं मोजतो: कार्ड निवांत मोठ्याने एकदा वाचायचं आणि त्यात अर्धा सेकंद मिळवायचा. एक नाव असेल तर साधारण अडीच-तीन सेकंद, तीन नावं असतील तर चार. समजा एकेक नावाची सहा कार्डं आहेत, तीन सेकंदांप्रमाणे १८, दोन कार्डांमध्ये अर्धा सेकंद मोकळा म्हणजे अजून ३, आणि सिनेमाच्या नावाला ४. झाले २५ सेकंद. पुरे. फेड, म्हणजे नाव हळूहळू उजळणं आणि विझणं, ८ ते १२ फ्रेमचा ठेवा, त्याहून लांब फेड केला तर नाव पूर्ण उजेडात येतं आणि लगेच जायला लागतं. आणि प्रत्येक कार्ड म्युझिकच्या ठोक्यावर कापू नका, दोन-तीन ठोक्यावर, मग एक थोडं उशिरा, नाहीतर लग्नाचा व्हिडिओ होतो.

पाचवं काम: देवनागरी, इथेच सगळे मरतात

बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर मुळात रोमन लिपीसाठी बनलीयत. 'दिग्दर्शक' टाइप केलं की पहिली वेलांटी द च्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते, रफार उडून र् सुटा पडतो, असं दिसलं तर फॉन्टला शिव्या देऊ नका, टेक्स्ट इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअरचा अक्षरं जुळवणारा भाग, चुकलंय. प्रीमिअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये 'साऊथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' असा पर्याय तुमच्या व्हर्जनमध्ये असेल तर तो लावा आणि मग नवीन टेक्स्ट लेयर घ्या. फोटोशॉपमध्येही टाइपच्या प्रेफरन्सेसमध्येच बघा. दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर आधी 'कुऱ्हाड, दिग्दर्शक, ॲक्शन, शृंगार, विठ्ठल, ज्ञानेश्वरी, शाळा' एवढे शब्द टाइप करून बघा. एकही तुटला तर तिथे टाइप करायच्या भानगडीत पडू नका. इंकस्केप किंवा फोटोशॉपमध्ये कार्ड बनवा, पारदर्शक पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर फोटोसारखं ठेवा. जुनाट वाटेल पण याने नाव कधीच तुटत नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला तरी.

ऱ्ह आणि ऱ्य वर जरा थांबतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे, ऱ्हस्व, पुढाऱ्यांचे, यातला तो आडवा र मराठीची खासियत आहे, आणि सगळ्या फॉन्टना तो नीट येत नाही, कुठे चौकोन येतो, कुठे साधा रफार होऊन बसतो, म्हणजे 'गोऱ्हे'चं भलतंच काहीतरी. तसंच ॲ, हे एकच अक्षर म्हणून टाइप करा, अ वर चंद्र वेगळा ठेवला तर काही फॉन्टात मधे ठिपक्यांचं वर्तुळ येतं. आणि मराठी ल, श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. हिंदी वळण चूक नाही, वाचता येतं, पण सदाशिव पेठेतल्या गोष्टीच्या नावात तो ल दिसला की मला खडा लागतो, तुम्हाला लागत नसेल तर सोडून द्या.

फॉन्टचं म्हणाल तर 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू', 'टिरो देवनागरी मराठी', 'नोटो सान्स देवनागरी' हे सगळे फुकट आणि खुल्या परवान्याचे आहेत, म्हणजे उद्या फिल्म विकली गेली तरी कुणी बिल पाठवणार नाही. कुठल्यातरी वेबसाइटवरून उचललेला फॉन्ट वापरण्याआधी त्याचा परवाना वाचा. आणि कुणी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणलं असेल (श्रीलिपी आपल्या पुण्याचीच, कितीतरी लग्नपत्रिका तिच्यात निघाल्या) तर लक्षात ठेवा, जुन्या पद्धतीच्या फॉन्टातला मजकूर आणि युनिकोड (आजचं, सगळीकडे चालणारं टायपिंग) या दोन वेगळ्या गोष्टी, नुसता फॉन्ट बदलला तर गिचमिड येते. कन्व्हर्टरमधून काढा, आणि काढल्यावर पुन्हा वाचा, कारण कन्व्हर्टर नेमका ऱ्ह वर आपटतो.

रोमन टायटल्समध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे ना, तशी देवनागरीत चालत नाही. अक्षरांमधली जागा वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मोकळेपणा पाहिजे तर शब्दांमध्ये जागा द्या, अक्षरांमध्ये शून्य. ओळींमधलं अंतर मात्र रोमनपेक्षा जास्त लागतं, वर रफार-मात्रा आणि खाली उकार एकमेकांत घुसतात, मी अक्षराच्या साइजच्या साधारण दीडपट ठेवतो.

ॲनिमेशनमध्ये टाइपरायटर इफेक्ट टाकू नका. एकेक अक्षर उमटवायला गेलं की आधी 'क' येतो, मग त्याचा 'कि' होतो आणि क बाजूला उडी मारतो, जोडाक्षर तर आधी पाय मोडलेलं येतं आणि मग जुळतं, लोक हसतात. पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम हलवा, किंवा मास्क लावून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे उघडा. आधी शिरोरेषा ओढली जाते आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकतात, हे आपल्या लिपीतच शोभतं, रोमनवाल्यांना जमणार नाही.

सहावं काम: मोठा पडदा आणि छोटा मोबाइल

१०८० पिक्सेल उंचीच्या फ्रेममध्ये सगळ्यात बारीक अक्षर ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नका, निम्मे लोक ते बसमध्ये मोबाइलवर बघणारेत. कडेपासून सगळीकडे किमान ५ टक्के जागा सोडा. बारीक काड्यांचा फॉन्ट लॅपटॉपवर फार देखणा दिसतो आणि प्रोजेक्टरवर गायब होतो. काळ्यावर अगदी कडक पांढरं अंधाऱ्या हॉलमध्ये डोळ्यात घुसतं, थोडं खाली आणा, नव्वद टक्क्यांच्या आसपास. सीनवर अक्षर असेल तर सावलीचा इफेक्ट देण्यापेक्षा शॉटमधली रिकामी जागा शोधा, आणि ती नसेल तर शूटलाच सांगून ठेवा की इथे उजवीकडे भिंत मोकळी सोडा, नावं पडणारेत. कॅमेरामनला हे आधी कळलं तर तो आनंदाने करतो.

थिएटर रिलीज असेल तर अजून काही गोष्टी पुढे येतात. सेन्सॉरचं प्रमाणपत्र सगळ्यात आधी, २०२४ च्या नियमांपासून त्यात यूए ७+, १३+, १६+ असे गट आहेत. तंबाखू-सिगरेट दाखवली असेल तर सुरुवातीला आणि मध्यात किमान ३० सेकंदांचे स्पॉट आणि वर २० सेकंदांचं निवेदन. म्हणजे तुमचं नाजूक शांत टायटल ज्याच्या पाठोपाठ येणारे ते काय आहे ते लक्षात घ्या, मधे दोन सेकंद काळा पडदा आणि शांतता द्या, लोकांना श्वास घेऊ दे.

सातवं काम: शेवटचा रोल

वर जाणाऱ्या नावांची थरथर ही सगळ्यांची तक्रार असते. कारण साधं आहे, वेग असा पाहिजे की प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेल सरकेल, अडीच नाही, दोन किंवा तीन. सेकंदाला २४ फ्रेम आणि फ्रेमला ३ पिक्सेलने गेलं तर सेकंदाला ७२ पिक्सेल, म्हणजे १०८० ची फ्रेम ओलांडायला एका नावाला १५ सेकंद, आरामात वाचून होतं. आता २०० ओळी असतील, ओळीला ६० पिक्सेल, तर १२,००० पिक्सेल अधिक एक फ्रेम, भागिले ७२, साधारण तीन मिनिटं. बारा मिनिटांच्या फिल्मला हे फारच झालं, मग ४ पिक्सेल करा, सव्वादोन मिनिटांवर येईल. म्हणजे आधी गणित करा आणि मग म्युझिकवाल्याला लांबी सांगा, उलटं केलं की नावं पळवावी लागतात. दोन रकाने केले तरी चालतं, डावीकडे काम उजवीकडे नाव, मधली रेघ सरळ ठेवा.

आणि लोक उठून जातात म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यांना बसायला कारण द्या. 'ओम शांती ओम'च्या (२००७) शेवटी स्पॉटबॉयपासून सगळं युनिट रेड कार्पेटवर येतं, कोण उठेल? तुमच्याकडे रेड कार्पेट नसेल, शूटच्या दिवशी प्रत्येकाचा पाच सेकंदांचा शॉट मोबाइलवर घेऊन ठेवायला काय जातं.

शेवटची तपासणी

एक्सपोर्ट झाल्यावर ती फाइल, प्रोजेक्ट नाही, एक्सपोर्ट झालेली फाइल, प्रत्येक कार्डावर थांबवून शीटशी ताडून बघा. दोन माणसं लागतात, एकाने पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने शीटवर टिक करायची. शेवटून सुरुवातीकडे जायचं, कारण पुढून वाचताना मेंदू स्वतःच चुका दुरुस्त करतो. वाचणारा माणूस फिल्ममधला नको, त्याला नावं पाठ असतात आणि त्याला बरोबरच दिसणार. मी आता हे काम आमच्या साऊंडवाल्याच्या आईला देतो, व्हिडिओ कॉलवर, कार्डांचे फोटो आधी पाठवून. त्या चष्मा लावून एकेक नाव सावकाश वाचतात, मी टिक करतो, आणि मागच्या फिल्मला त्यांनी दोन चुका काढल्या, त्यातली एक माझ्याच आडनावात होती.